लहान कामाची माती

मे महिना म्हणजे आमच्या शिवथरला पाहुण्यांचा महिना. घळ पाहायला येणारे येतात, मुंबईचे चाकरमानी येतात आणि अधूनमधून जुने विद्यार्थीही येतात. २०२५ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असाच एक विद्यार्थी सहकुटुंब आला होता. घळीत समर्थांचे दर्शन घेऊन घरी आला. आता पन्नाशीला टेकला आहे, पण अंगणात चपला काढताना अजून "सर, येऊ का?" असे विचारतो. एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर आहे. चहा पिता पिता मी विचारले, "सध्या काय चालू आहे?"

"रेल्वेचं एक लहानसं काम आहे सर. इथलं नाही, लांबचं आहे. पण डोंगरातलंच. स्टेशनात एक जादा लाइन टाकायची आणि फलाट थोडा वाढवायचा. चारशे मीटर टेकडी कापायची, तीच माती पलीकडे भरावाला. मृगाच्या आत कापून ठेवतो, बाकीचं दिवाळीनंतर."

"आणि मधले चार महिने?"

"मधले चार महिने काम बंद, सर."

"काम बंद, पण माती उघडीच ना?"

तो हसला. म्हणाला, "लहान काम आहे सर. कोकण रेल्वे थोडीच बांधतोय!"

तो गेला, पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून आज हा लेख. मी मराठीचा बीए, आयुष्यभर व्याकरण आणि निबंध शिकवले. मातीवर बोलायचा मला काय अधिकार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण या विषयात मी एकदा चांगलाच नापास झालो आहे, आणि नापास झालेल्याला धडा जास्त लक्षात राहतो.

१९८४ सालची गोष्ट. मी तेव्हा ज्या शाळेत होतो ती डोंगराच्या कुशीत होती. मुलांना खेळायला मैदान नव्हते. मी पुढाकार घेतला, मे महिन्यात श्रमदान काढले. मुले, पालक, आम्ही शिक्षक, सगळ्यांनी मिळून शाळेमागचा उतार कापला आणि ती माती पुढे ढकलून सपाट जागा केली. वीस-बावीस दिवस काम चालले. शेवटच्या दिवशी गूळ-शेंगदाणे वाटले, मी भाषणही ठोकले. आठ-दहा दिवसांनी मृगाचा पाऊस कोसळला. एका रात्रीत मैदानाची पुढची कड खाली गेली आणि ती सगळी लाल माती खालच्या शेतकऱ्याच्या दोन खाचरांत जाऊन बसली. त्याचा तरवा नुकताच रुजून वर येत होता, तो सगळा गाडला गेला. मी सकाळी धावत गेलो. म्हातारा बांधावर बसला होता. शिव्या देईल असे वाटले होते. तो एवढेच म्हणाला, "मास्तर, माती कापलीत ती कापलीत, पन पान्याला वाट नाय दिलीत."

त्या वर्षी त्याने दुसऱ्याकडून रोपे मागून कशीबशी लावणी केली. आम्ही मुलांना घेऊन गाळ उपसायला गेलो, पण चिखलात भिजलेली माती उपसणे म्हणजे काय असते ते तेव्हा कळले. एक खाचर त्या साली पडीकच राहिले. त्या नुकसानीची भरपाई मी पूर्ण करू शकलो नाही, ही बोचणी अजून आहे.

तर सांगायचा मुद्दा असा की, "लहान काम" हा शब्द फसवा आहे. माझ्या विद्यार्थ्याचेच काम घ्या. चारशे मीटर लांब आणि समजा दहा मीटर रुंद. म्हणजे चार हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ चाळीस गुंठे. सबंध एक एकर! एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमच्याकडे आषाढात तो सहज पडतो, तर त्या एका एकरावर चार लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. त्या पाण्याने उघड्या जमिनीवरून फक्त एक सेंटिमीटर माती नेली तरी ती होते चाळीस घनमीटर, म्हणजे चौदा ब्रास. घर बांधलेल्या माणसाला चौदा ब्रास म्हणजे किती हे सांगायला नको. आणि टेकडीवरून उतरून कटिंगमध्ये घुसणारे पाणी यात धरलेलेच नाही.

गवताने झाकलेल्या जमिनीवर थेंब पडतो तेव्हा त्याचा मार पाते झेलते. उघड्या मातीवर तोच थेंब आपटून कण सुटे करतो. मग पाणी ते कण घेऊन चालू लागते, आधी पातळ पापुद्र्यासारखे, मग बोटभर घळीतून, मग हातभर घळीतून. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते चौसष्ट पट वजनाचा दगड हलवू शकते, असा एक जुना नियम आहे. म्हणून उतारावर सगळी लढाई वेगाशी असते. आपल्या वाडवडिलांना हा नियम ठाऊक नव्हता, पण त्यांनी वरकसाच्या उतारावर दगडी ताली रचल्या, खाचरांना बांध घातले, आणि पावसाआधी पाट-चर साफ करून ठेवले. पाण्याला थांबवायचे नाही, हळू चालवायचे. त्या म्हाताऱ्याने मला एका वाक्यात हेच सांगितले होते.

आता कोणी विचारेल, शिवथरला रेल्वे कुठे आहे? नाही. आम्हाला गाडी धरायची तर वीर नाहीतर करंजाडी. पण आमच्या खोऱ्यातले पाणी बिरवाडीकडे उतरते, काळ नदीतून सावित्रीला मिळते आणि महाड ओलांडून दासगावपाशी रेल्वेच्या पुलाखालून बाणकोटच्या खाडीकडे जाते. आमची माती रोज रेल्वेला भेटते म्हणा ना! २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडकरांनी दोन मागण्या लावून धरल्या. एक, सावित्रीच्या पात्रातला गाळ काढा. दुसरी, दासगावजवळ रेल्वेच्या मातीच्या भरावात पाण्याला जादा वाट द्या. पुराला भराव किती कारणीभूत आणि गाळ किती, हा वाद तज्ज्ञांचा. पण दोन्ही मागण्या मुळात मातीच्याच आहेत. एक माती वरून वाहून आलेली आणि दुसरी माणसाने आणून टाकलेली.

कोकण रेल्वेचे मला कौतुकच आहे. तो अभिमान आमच्या पिढीचा आहे. १९९० मध्ये काम सुरू झाले आणि १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. ९१ बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, श्रीधरन ही नावे तेव्हा घराघरांत होती. पण डोंगर कापला म्हणजे तो गप्प बसतो असे नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळांवर आले, गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, आमच्याच तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवरच्या दगडांना धडकून घसरली. दोन्ही तारखा जूनच्या, हे लक्षात घ्या.

त्यानंतर कोकण रेल्वेने पुष्कळ कामे केली. कटिंगचे उतार कमी केले, डोंगराला लोखंडी जाळ्या बांधल्या, माथ्यावर पाणी वळवणारे चर काढले, संरक्षक भिंती बांधल्या, उतारांवर वाळा लावला. हो, तोच वाळा, जो आपण उन्हाळ्यात माठात टाकतो! त्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि माती शिवून धरतात. पावसाळ्यात गस्त असते, गाड्यांचा वेग कमी ठेवतात, वेळापत्रकच वेगळे असते. इतके करूनही १४ जुलै २०२४ ला विन्हेरे आणि दिवाणखवटीच्या मध्ये बोगद्याजवळ माती रुळांवर आली आणि कोकणातली वाहतूक जवळजवळ एक दिवस ठप्प झाली. माणूस दगावला नाही हे नशीब.

म्हणजे जिथे माणसे आणि यंत्रणा डोळ्यात तेल घालून बसली आहेत, तिथेही माती ऐकत नाही. मग जिथे चार महिने "काम बंद" आहे आणि कोणी बसलेलेच नाही, तिथे काय?

आणि कोकण रेल्वेवरही आता मोठ्या कामापेक्षा अशी लहान कामेच जास्त होतात. रोहा ते वीर दुसरा रूळ २०२१ मध्ये सुरू झाला. आमच्या तालुक्यातल्या सापे वामनेसारखी दहा नवी क्रॉसिंग स्टेशने झाली, काही ठिकाणी लूप लाइन पडल्या. हे सगळे हवेच आहे. गाड्या खोळंबू नयेत असे आपणच म्हणतो. देशभर अशी शेकडो कामे चालू असतात. माझे म्हणणे एवढेच की, मोठ्या कामाला जो विचार लागतो तोच लहान कामालाही लागतो, फक्त कमी प्रमाणात. विचारच नको, असे होत नाही.

लहान कामात किती मोठे अरिष्ट लपलेले असते याचे एक उदाहरण माझ्या वाचनात आले, ते सांगतो. स्कॉटलंडमध्ये कारमाँट नावाचे ठिकाण आहे. १२ ऑगस्ट २०२० ला सकाळी तिथे गाडी घसरली आणि तीन माणसे गेली. कारण काय, तर रुळाशेजारच्या उतारावर २०११-१२ मध्ये पाणी काढण्यासाठी खडीने भरलेला एक निचऱ्याचा चर बांधला होता. तो नकाशाप्रमाणे बांधलेला नव्हता. शिवाय काम करताना तिथे मातीचा एक ठेंगणा बांध घातला गेला, जो नकाशात नव्हताच. त्या बांधाने डोंगराचे पाणी वळवून नेमके चरात सोडले, पाण्याने चरातली खडी उचलली आणि रुळांवर पसरली. पाऊस किती? तीन तासांत पन्नासएक मिलिमीटर. आपल्याकडे एवढ्या पावसात शाळाही सुटत नाही. पुढे २०२३ मध्ये तिथल्या रेल्वे यंत्रणेला ६७ लाख पौंडांचा दंड झाला. चौकशी अहवालात त्या मातीच्या ढिगाला इंग्रजी शब्द वापरला आहे "बंड". हा शब्द इंग्रजीत आपल्याकडूनच गेला. आपला बांध! शब्द गेला, पण बांध कुठे घालावा आणि कुठे घालू नये ही अक्कल मागे राहिली असे म्हणावे लागते.

आपल्याकडे यावर कायदा काय म्हणतो? मोठ्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते, त्यासाठी २००६ ची अधिसूचना आहे. तिच्या यादीत महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, बंदरे आहेत, रेल्वे नाही. म्हणजे शेकडो किलोमीटरची लाइन असली तरी त्या यादीत बसत नाही, मग चारशे मीटरची गोष्टच सोडा. मातीचेही तेच. मार्च २०२० मध्ये केंद्राने रस्ते, पाइपलाइन अशा लांबच लांब जाणाऱ्या प्रकल्पांसाठी साधी माती उचलायला ही मंजुरी लागणार नाही अशी सूट दिली होती. किती माती, किती जागेतून, काही मर्यादाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला ती सूट रद्द केली. न्यायालयाला जे खटकले ते आमच्या त्या म्हाताऱ्यालाही खटकले असते. उचलणाऱ्याने किती उचलायचे आणि मागे काय ठेवून जायचे, हे कोणी सांगणारच नाही का?

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. हा ब्लॉग तो नेमाने वाचतो म्हणून त्याची साक्ष काढतो. त्याच्या शेजारी घरे बांधत होते तेव्हा प्लॉटच्या खालच्या कडेला गुडघाभर उंचीचे काळे कापडी कुंपण घातलेले त्याने मला व्हिडिओ कॉलवर दाखवले होते. मला वाटले कुत्री येऊ नयेत म्हणून असेल. ते होते माती अडवायला! तिकडे एक एकर किंवा जास्त जमीन उघडी करायची असेल तर बांधकामाआधी माती आणि पाणी कसे सांभाळणार याचा आराखडा लागतो. काम चौदा दिवस किंवा जास्त थांबणार असेल तर उघडी माती झाकायला घ्यावीच लागते. बघा, एक एकर. माझ्या विद्यार्थ्याचे "लहान काम" तिकडे लहान ठरत नाही.

मला तिकडच्या सगळ्याचे कौतुक नाही. तिथेही कागद एक आणि काम दुसरे असे होतेच, कारमाँट हेच त्याचे उदाहरण. पण निदान प्रश्न विचारण्याची वेळ ठरलेली आहे. काम सुरू होण्याआधी.

मग आपण काय करावे? मला वाटते ते क्रमाने सांगतो. निबंधाचे मुद्दे काढायची सवय जात नाही, चालवून घ्या.

आधी चर, मग कटिंग. टेकडीच्या माथ्यावर पाणी आडवे वळवणारा चर पोकलेन लावायच्या आधी काढायचा, आणि ते पाणी जिथे सोडायचे तिथे दगड बसवायचे. नाहीतर पाणी कटिंगमध्ये न येता बाजूने नवी घळ पाडते. दुसरे, पावसाआधी जेवढे झाकता येईल तेवढेच उघडायचे. चारशे मीटर एकदम कापण्याऐवजी शंभर मीटर कापा, उतार नीट करा, गवत लावा किंवा ज्यूट-काथ्याची जाळी अंथरा, मग पुढे जा. वाळा चांगला, पण तो रुजायला एक पावसाळा जातो. पहिल्या पावसात माती झाकायला गवत-पेंढा लागतोच. तिसरे, भरावाची माती थराथराने दाबलेली हवी. नुसती ओतून ठेवलेली माती म्हणजे साखरेचा ढीग. चौथे, खालच्या अंगाला गाळ बसायला खड्डे ठेवा, आणि ते दर मोठ्या पावसानंतर उपसा. भरलेला खड्डा असून नसल्यासारखा. आणि पाचवे, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे, "काम बंद" असलेल्या चार महिन्यांत जबाबदार माणूस कोण, त्याचे नाव कागदावर हवे.

आमचा विद्यार्थी यावर काय म्हणाला असेल हे मला ठाऊक आहे, कारण निघताना तो म्हणालाच होता. "सर, टेंडरात मातीला घनमीटरचा भाव आहे. कापली की पैसे मिळतात. वाहून गेली तर परत आणून टाकायचे पुन्हा कोणीतरी देतं. चराला वेगळा भाव नाही." त्याचे खोटे नाही. पैसे मंजूर व्हायला उशीर होतो, मार्चअखेरची घाई असते, गाड्या चालू ठेवून काम करायचे तर वेळ तुकड्यातुकड्याने मिळतो. सुपरवायझरने स्वतःच्या खिशातून चर खणावा अशी अपेक्षा मी कशी करू? म्हणूनच म्हणतो की हा प्रश्न त्याच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. चर, गवत, गाळाचे खड्डे आणि चार महिन्यांची देखरेख, यांना टेंडरात स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र भाव हवा. ती कामे झाल्याशिवाय माती कापल्याचे बिल निघू नये. एवढे केले तरी निम्मे काम होईल.

आणि फक्त रेल्वेला बोल लावून आपण मोकळे होऊ नये. आमच्या खोऱ्यात, महाड-पोलादपुरात, गेल्या वीस वर्षांत जेसीबी घरोघरी आला. घराला जागा हवी, कापा डोंगर. गाडीला रस्ता हवा, कापा डोंगर. वर चर नाही, खाली ताल नाही. २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या. २०२१ मध्ये तळीये गेले, ऐंशीहून अधिक माणसे एका संध्याकाळी. त्या दरडींची कारणे मोठी आहेत आणि पाऊसही तसाच होता. महाबळेश्वरला तेव्हा चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दुःखाचा संबंध कुणाच्या अंगणाशी मी जोडत नाही. पण ज्यांनी ते पाहिले त्यांनी तरी उतारावर पहार मारताना दोनदा विचार करावा.

आता त्या विद्यार्थ्याची पुढची हकीकत. मृगाला ७ जूनपर्यंत वेळ आहे, असा त्याचा हिशेब होता. पण २०२५ चा पाऊस आठवतो ना? मेच्या मध्यापासूनच कोसळायला लागला आणि २६ मे ला मान्सून थेट मुंबईत! कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रकही त्या वर्षी १५ जूनपासून होते. सगळ्यांचेच पंचांग चुकले.

महिनाअखेर त्याचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "सर, तुमच्याकडून आल्यावर दोन दिवस जेसीबी लावून माथ्यावर चर काढायला घेतला होता. निम्म्या लांबीत झाला. त्या बाजूला ठीक आहे. उरलेली बाजू खाली आली. खालच्या ओढ्यात गेली आणि ओढ्याकाठची एक विहीर गढूळ झाली. त्या घरची माणसं प्यायला तेच पाणी वापरतात."

"मग आता?"

"टँकर देतोय सर. विहीर उपसून देणार आहे पाऊस थांबल्यावर. साहेबांनी विचारलं, हा चर कुणी सांगितला. मी म्हटलं आमच्या सरांनी."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, पुढच्या इस्टिमेटला धरू."

धरतील का ते पाहायचे. मी त्याला म्हणालो, त्या विहिरीवाल्यांच्या घरी स्वतः जा, बस, बोल. टँकर पाठवून परस्पर काम होत नाही. एका खाचराचे देणे चाळीस वर्षे डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस यापेक्षा वेगळे काय सांगणार?

असो. तुमच्या गावाजवळ असे एखादे "लहान काम" चालू असेल, रेल्वेचे, रस्त्याचे नाहीतर शाळेच्या मैदानाचे, तर मे महिन्यात एकदा जाऊन बघा. माथ्यावर चर आहे का, आणि चराचे पाणी कुणाच्या शेतात सोडले आहे, एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तर काय मिळाले ते मला जरूर कळवा.